मखमलीचा रंग कोण खातंय

डाग म्हणावा तर तो कशाचाच नव्हता. तेलाचा असता तर गडद दिसला असता, पाण्याचा असता तर वाळल्यावर गेला असता, सरसाचा असता तर बोटाला टणक लागला असता. थोरलीने नख लावून पाहिलं, वास घेऊन पाहिला, खिडकीशी नेऊन कापड उजेडात तिरपं धरून पाहिलं. गर्द निळ्या मखमलीवर तळहाताएवढ्या जागेत रंगच उरला नव्हता. मधे तांबूस, कडेला गुलाबीसर. जणू कुणी तिथला निळा चाटून खाल्ला होता.

“डिंक्या!” तिने जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. “वर ये. आणि हात धुऊन नको येऊस, आहेस तसा ये.”

डिंक्या म्हणजे कारखान्यातला चिकटवणारा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवत नसावं. तो बोटं फाकवून वर आला.

“बाई, हा तुकडा तर अजून माझ्याकडे आलाच नाही. अजून तुमच्याच टेबलावर आहे.”

“मग काय भुताने केलं?”

“भुताला हात असतात की नाही, मला ठाऊक नाही. माझे हे असे आहेत. सरस सोडून दुसरं काही सापडलं तर सांगा.”

तिने खरंच त्याची बोटं हुंगली. सरसाशिवाय काही नव्हतं. पण डिंक्या खाली जाताना गालात हसला असं तिला वाटलं, आणि ते तिने मनात ठेवून दिलं.

वाद्यांच्या पेट्या करणारं ते घर होतं. व्हायोलिन असो, चेलो असो, बासरी असो, ज्याच्या त्याच्या मापाची लाकडी पेटी खालच्या मजल्यावर धाकटे दीर करायचे, आणि वरच्या मजल्यावर तिला आतून मखमलीचं अस्तर लागायचं. कापणं थोरलीकडे. शिवणं आणि पेटीत बसवणं धाकट्या जावेकडे, तिच्या हाताखाली दोन शिवणाऱ्या. नवरा गेल्यापासून घरात शेवटचा शब्द थोरलीचा होता. निदान तिला तसं वाटायचं, आणि बाकीचे तिला तसं वाटू द्यायचे.

मखमल कापणं म्हणजे नुसती कात्री चालवणं नव्हे. मखमलीला लव असते आणि लवेला दिशा असते. अस्तराचा एक तुकडा सुलट आणि दुसरा उलट लागला, तर एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. वाजवणारा मंचावर पेटी उघडतो, दिवे वरून पडतात, आणि अर्धी पेटी काळी, अर्धी निळी! ही दिशा डोळ्यांना फसवते आणि सुया टोचून टोचून घट्टे पडलेल्या बोटांनाही कळत नाही. म्हणून या घरात सासूबाईंपासून एक रीत होती. प्रत्येक तुकड्याचा कोपरा उचलून गालावरून ओढायचा. गुळगुळीत सरकला तर सुलट, किंचित अडला तर उलट. सासूबाई म्हणायच्या, “बोटं आळशी असतात, गाल नसतो.” सासूबाईंच्या मागे ती पारख थोरलीकडे आली होती. दुसरं कुणी कापडाला गाल लावलेला तिला खपत नसे.

आणि नेमका आत्ता डाग पडावा! एका वाद्यवृंदाची सगळ्या पेट्यांची ऑर्डर होती. सगळ्या एकाच निळ्याच्या, एकाच लवेच्या. वाद्यवृंद दौऱ्यावर निघायच्या आत त्या हातात पडायला हव्या होत्या. एवढं मोठं काम या घराकडे पूर्वी कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तसाच डाग आणखी दोन तुकड्यांवर निघाला. तिसऱ्या दिवशी थोरलीने मखमलवाल्या व्यापाऱ्याला बोलावून घेतलं.

“रंग कच्चा आहे तुमचा.”

व्यापारी पोटावर हात ठेवून हसला. “बाई, तुमच्या सासूबाई असत्या तर मला असं म्हणाल्या नसत्या.” त्याने ताग्याच्या टोकाचा तुकडा कापला, कढत पाण्यात बुडवला, साबणाने चोळला, पांढऱ्या फडक्यावर घासला. फडकं पांढरंच राहिलं. “आता बोला. कच्चा रंग सगळीकडे सुटतो. हा तर ठिकठिकाणी, एकेका कोपऱ्यात गेलाय. असं कापड आपणहून करत नाही. असं माणूस करतं.”

माणूस करतं. तो गेला, पण त्याचं ते वाक्य मागे राहिलं, आणि थोरलीच्या मनात त्याने घर केलं.

खरं तर तिच्या मनात संशयाला जागा करायला फारसं काही लागत नसे, आणि त्याचं कारण ती स्वतःच लपवून ठेवत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. गेले काही आठवडे ती घरात सांगत होती की दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाते. दाढ ठणठणीत होती. ती जात होती त्वचेच्या डॉक्टरकडे. मुरमांसाठी.

या वयात तोंडावर मुरूम! पंधराव्या वर्षी आले असते तर कुणी लाडाने चिडवलं तरी असतं. चाळिशी उलटल्यावर जबड्याच्या कडेने आणि दोन्ही गालांवर लाल, ठणकणारे, मधे पिकलेले फोड यायला लागले तेव्हा तिला आरशाचीच लाज वाटू लागली. लिंबू चोळून झालं. टूथपेस्ट लावून झाली, त्याने तर कातडी पोळली. आणि कुणाला सांगावं तर तोंड नव्हतं, कारण धाकटीने कधीतरी चेहऱ्याला क्रीम लावलं की हीच सगळ्यांसमोर म्हणायची, “अगं, पेटीचं अस्तर तुझं तोंड बघून चिकटतं का?” आता कुठल्या तोंडाने स्वतःचं तोंड दाखवणार?

डॉक्टरीण वयाने लहान होती आणि तिचा चेहरा इतका नितळ होता की थोरलीला पहिला संशय तिथेच आला. जिला कधी फोड आला नाही तिला काय कळणार?

“असं बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाली आणि तिने मुठीची पोकळ नळी केली. “त्वचेवरचं प्रत्येक छिद्र म्हणजे अशी अरुंद नळी. तळाशी तेल तयार होतं आणि वर येतं. नळीच्या आतली मेलेली त्वचा एरवी आपोआप गळून जाते. तुमची चिकटून बसते, आणि बूच होतं.” तिने दुसऱ्या हाताचा अंगठा मुठीवर ठेवला. “खाली तेल तुंबलं. हवा बंद. आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर काही जंतू राहतात, त्यांना अशी हवा नसलेली जागा फार मानवते. ते वाढले की सूज, लाली, पू.”

“म्हणजे मी तोंड नीट धूत नाही, असंच ना?”

“नाही हो! बूच आत आहे. वरून कितीही घासलंत तरी ते निघणार नाही, उलट सूज वाढेल.” मग तिने दोन ट्यूबा काढल्या. “हे सकाळी लावायचं जेल. यातून ऑक्सिजन सुटतो. ज्यांना हवा सोसत नाही ते जंतू त्यात मरतात, आणि त्यांना याची सवयही होत नाही. नुसतं अँटिबायोटिक लावत राहिलं तर ते निर्ढावतात. आणि हे रात्रीचं क्रीम, अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. हे मेलेली त्वचा चिकटू देत नाही, म्हणजे बूचच बनत नाही. वाटाण्याएवढं घ्या आणि सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावा. फक्त फोडावर नको. जो फोड अजून वर आलेला नाही, त्याच्यासाठी ते आहे.”

“जो आलेलाच नाही त्याच्यासाठी औषध?”

“हो. आणि उन्हात जपा. सुरुवातीला त्वचा कोरडी पडेल, पापुद्रे निघतील, कदाचित मुरूम वाढल्यासारखेही वाटतील. सोडू नका. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात.”

थोरलीच्या कपाळावर आठ्या पडल्या. आधी वाढणार, मग कमी होणार, आणि तेही महिन्यांनी! फसवणाऱ्याला यापेक्षा चांगली सोय कुठली? “गोळ्या नाहीत का काही? एकदा घ्यायच्या आणि सुटायचं?”

“आहेत. पाळीच्या आधी जबड्यावर वाढतात म्हणालात, तर संप्रेरकांचा जोर आवरणाऱ्या आहेत. त्याही पुढच्या, तेलाच्या ग्रंथीच आकसवणाऱ्या आहेत. पण त्या घेताना रक्त तपासत राहावं लागतं, आणि गरोदरपणात त्या अजिबात चालत नाहीत, बाळाला व्यंग येतं. ती तोफ लगेच काढायला नको. आधी हे करून बघू. आणि हो, टॉवेल आणि उशीची खोळ पांढरी वापरा, कारण...”

थोरली ताठ झाली. “आमच्या घरात सगळं रोजच्या रोज धुतलं जातं. स्वच्छतेचं मला सांगू नका.”

“अहो, तसं नाही...”

पण तोवर थोरलीने पिशवी उचलली होती. पांढरा टॉवेल तिने घेतला, तो केवळ डॉक्टरणीला नाव ठेवायला जागा उरू नये म्हणून. सकाळी आंघोळ झाली की दार लावून जेल लावायचं, देवापुढे हात जोडायचे आणि मग कामाला लागायचं, असा तिचा क्रम सुरू झाला. जेल वाळून दिसेनासं व्हायचं. ना रंग, ना वास. पाणी लावल्यासारखंच. मुरूम होते तिथेच. गाल मात्र कोरडे पडून सोलायला लागले. ‘पाणीच भरून दिलंय बयेने,’ ती मनाशी म्हणायची. तरी लावायची. घेतलेली वस्तू टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं.

व्यापारी येऊन गेल्यावर तिने डोळे उघडे ठेवायचं ठरवलं. शोधणाऱ्याला सापडतंच. मागच्या मोरीत धाकटी कामाचे ॲप्रन धूत होती, आणि तिच्या हाताशी पांढऱ्या बाटलीत कपडे शुभ्र करायचं ब्लीच होतं.

“हे काय गं?”

“ॲप्रनवर सरसाचे डाग बसलेत ताई. नुसत्या साबणाने जात नाहीत.”

“याने रंग जातो ना?”

“पांढऱ्याला कसला रंग?” धाकटी हसली.

थोरलीला ते हसणं अजिबात आवडलं नाही. तिच्या स्वतःच्या कामाच्या तपकिरी कोटाची कॉलरही अलीकडे ठिकठिकाणी विटली होती, आणि कपडे धुणारी धाकटीच. तिने दोन आणि दोन मिळवले. धाकटी गेलं वर्षभर म्हणत होती की मखमल सोडून आतून मऊ फोम लावूया, काम लवकर होतं, लवेची भानगड नाही. थोरलीने तिला साफ उडवून लावलं होतं. ‘ऑर्डर मखमलीमुळे बुडाली की फोम आपोआप येतो. आणि फोमला कशाला हवी कापणारी? कशाला हवी थोरली?’ हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. सकाळी तोंडाने देवाचं नाव घ्यावं आणि मनात जाऊ उभी राहावी, असं व्हायला लागलं. नाव घेताना ओठ अडखळायचे. ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, पुन्हा तेच.

शेवटी तिने कापायच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली एकच, ती दोऱ्यात ओवून गळ्यात. नवा तागा स्वतः उचलून आत नेला. कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. तुकडे दाराशी ठेवायची आणि धाकटीने बाहेरून उचलायचे. आणि आता तर ती पारखही तिप्पट करत होती. काय सांगावं, कुणी तुकडा उलटा फिरवून ठेवला तर? म्हणून कापायच्या आधी एकदा गाल, कापल्यावर एकदा गाल, संध्याकाळी कुलूप घालताना पुन्हा एकदा गाल.

डाग वाढले.

कुलूप असताना वाढले. दार जसंच्या तसं होतं, खिडकीला गज होते, आणि रात्री नीट ठेवलेल्या तुकड्यांचे कोपरे सकाळी तांबूस झालेले असायचे. थोरलीने गज एकेक हलवून पाहिले. मग तिला सुचलं, आणि तिला ते इतकं उघड वाटलं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. दुसरी किल्ली. खाली सुतारखाना, दिरांच्या हातात लोखंड-लाकूड सगळंच. किल्ली करून घ्यायला किती वेळ लागतो?

ती डागी तुकडे घेऊन थेट शिवणाऱ्यांच्या खोलीत गेली आणि धाकटीच्या मशीनवर आपटले.

“घे. झालं तुझं समाधान?”

मशीन थांबलं. दोन्ही शिवणाऱ्या थांबल्या. डिंक्या सरसाचं भांडं घेऊन दारातच उभा राहिला.

“ताई, काय झालं?”

“मला विचारतेस? बाटलीभर ब्लीच कुणाकडे आहे? फोम कुणाला हवाय? किल्ली कुणी करून दिली, एवढंच सांग.”

धाकटीचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला. “तुम्हाला वाटतं... मी कापड नासवतेय? स्वतःच्या घरचं?”

“स्वतःचं घर कुणाचं, ते मग ठरेल.”

“फोमचं मी एकदा म्हटलं, तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला.”

“तुझा संपला असेल.”

आवाज ऐकून धाकटे दीर हातातला रंधा तसाच घेऊन वर आले. “वहिनी, बास. कुलूप तुम्ही लावलंत तेव्हाही मी बोललो नाही. पण किल्लीचं बोलणं माझ्यावरही येतं.”

“येऊ दे की भावजी. ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.”

धाकटी उठली. ती रडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. “कुलूप तुमचं,” ती हळू म्हणाली, “किल्ली तुमच्या गळ्यात, आणि चोर मी. बरं आहे. आज संध्याकाळी मी माझ्या भावाकडे जाते. त्याच्या दुकानातही शिवणकाम आहे.”

“ती जिथे जाईल तिथे मीही,” दीर म्हणाले. “पेट्या करायला दुसरा सुतार बघा, वहिनी.”

थोरली वळली, कोट न काढताच पिशवी उचलली आणि म्हणाली, “माझी दाढेची वेळ आहे.” खरंच वेळ दिलेली होती. नसती तरी ती तेच म्हणाली असती.

डॉक्टरीणबाईसमोर बसली तेव्हा तिच्या अंगात ते भांडण अजून धुमसत होतं. आता कुणीही समोर आलं तरी ती तोडणारच होती.

“तुमचं औषध लागू नाही. सकाळचं तर नुसतं पाणी आहे. काही म्हणता काही करत नाही.”

डॉक्टरणीने दिवा तिच्या चेहऱ्यावर वळवला. “नवीन फोड कमी झालेत. हे जे लाल दिसतंय ते जुन्यांचे वण आहेत, ते हळूहळू जातील. सोलतंय ते रात्रीच्या क्रीमने, आठवडाभर एक आड एक रात्र लावा.” मग तिची नजर खाली सरकली आणि ती थांबली. “आणि सकाळचं पाणी आहे म्हणता? मग तुमच्या कॉलरची ही दशा कुणी केली?”

थोरलीने हनुवटी खाली करून कॉलर ओढून पाहिली. “ती जाऊ धुण्यात ब्लीच घालते.”

“ब्लीच घातलं असतं तर अख्खा कोट विटला असता. हे नेमकं जबडा टेकतो तिथेच आहे. हे तुमचं जेल आहे. त्वचेवर सुटणारा जो ऑक्सिजन जंतू मारतो, तोच कापडाचा रंग खातो. म्हणून तर पांढरा टॉवेल, पांढरी खोळ सांगितली होती. वाळलं तरी त्याचा अंश गालावर राहतो, घाम आला की कापडाला लागतो. डाग लगेच दिसत नाही, काही तासांनी उमटतो.” ती हसली. “घाबरू नका, त्वचेचा रंग जात नाही. फक्त रंगीत कापडाला गाल लावू नका म्हणजे झालं.”

थोरली हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर कुलूपबंद खोली होती. गजांची खिडकी, एकच किल्ली, आणि आत एकटीच बाई, वाकून एकेका तुकड्याला गाल लावणारी. जितका संशय जास्त, तितका गाल जास्त. जितका गाल जास्त, तितके डाग.

“काय झालं? बरं वाटत नाही का?”

“नाही,” ती म्हणाली. “म्हणजे, वाटेल.”

परतीच्या रस्त्यावर तिने बरंच काही ठरवलं आणि मोडलं. सगळ्यात सोपं असं होतं की घरी जाऊन म्हणावं, व्यापाऱ्याचाच माल खोटा निघाला, धाकटे, चूक झाली, राहून जा. व्यापारी कुठे ऐकायला येणार होता? मुरूम झाकलेले राहिले असते, दाढ दाढच राहिली असती. दोन चौक ती हे सोपं उत्तर मनात घोळवत चालली. पण एकीवर लावलेला आळ उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा, आणि उद्या सकाळी पुन्हा देवापुढे हात जोडायला उभं राहायचं, हे तिच्याने कल्पनेतही जमेना. तिने पावलं भराभर टाकली. धाकटी निघाली असेल तर?

धाकटी निघाली नव्हती. शिवणाऱ्यांच्या खोलीच्या मागे छोट्या खोलीत ती आपल्या सुया, टाचण्या, अंगुस्तान एका कापडी पिशवीत भरत होती.

“थांब,” थोरली म्हणाली. “तू नाही केलंस. मी केलं.”

धाकटीने वर पाहिलंच नाही. “आता हे काय नवीन?”

थोरलीने पिशवीतून ट्यूब काढून तिच्यासमोर धरली. बोलायला सुरुवात केली ती उलट्या टोकाने, आधी कॉलर, मग जेल, मग गाल, आणि सगळ्यात शेवटी, अगदी पुटपुटत, मुरूम. “दाढ नाही दुखत माझी. कधीच दुखली नाही.”

धाकटीने ट्यूब हातात घेतली, वाचली, तिच्या कोटाची कॉलर चिमटीत धरून पाहिली. मग ती थोरलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, इतका वेळ की थोरलीला तोंड झाकून घ्यावंसं वाटलं.

“मुरमांचं मला माहीत होतं, ताई. रोज समोर बसता. आंधळी आहे का मी? तुम्ही लपवताय म्हणून मी बघितलं नाही.” तिने ट्यूब परत थोरलीच्या हातात ठेवली. “पण हे मला एकटीला का सांगताय? चोर म्हणालात तेव्हा सगळे होते.”

थोरलीला हे येणार ठाऊक होतं. “सगळ्यांना सांगू?”

“ते मी कशाला सांगू? तुमचं तोंड, तुमची मर्जी.” आणि ती पुन्हा अंगुस्तानं भरू लागली.

थोरली बाहेर आली. शिवणाऱ्या भाजी करपल्यासारखी तोंडं करून बसल्या होत्या, डिंक्या उगाच भांडं ढवळत होता, आणि दीर खिडकीशी पाठ करून उभे होते. तिने घसा खाकरला. आयुष्यभर या खोलीत तिने हुकूम दिले होते, त्यामुळे हेही हुकमासारखंच बाहेर पडलं.

“ऐका सगळ्यांनी. मखमलीचा रंग माझ्या तोंडाने गेला. माझ्या तोंडावर मुरूम आहेत, त्याला मी औषध लावते, आणि ते औषध रंग खातं. गाल मी लावला, डाग मी पाडले, आणि आळ मात्र धाकटीवर घेतला. भावजी, किल्लीचं जे बोलले ते मी परत घेते. धाकटीने काही केलेलं नाही.”

डिंक्याने अतिशय गंभीरपणे विचारलं, “म्हणजे बाई, त्या दिवशी तुम्ही माझे हात हुंगलेत, तेव्हा तुमचा गाल मी हुंगायला हवा होता?”

एक शिवणारी फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. दिरांचे खांदे हलले, पण ते वळले तेव्हा चेहरा सरळ होता. “वहिनी, माझं ठीक आहे. तिचं तिला विचारा.”

धाकटी दारात येऊन उभी होती. पिशवी अजून हातातच होती.

“माझा राग गेलेला नाही,” ती म्हणाली. “स्वयंपाक आजपासून माझा वेगळा. जेवायला मला बोलवू नका, मीही बोलावणार नाही. किती दिवस ते मी सांगणार नाही. पण कापड नासलं आणि ऑर्डर गेली तर या सगळ्यांचं काम जाईल, म्हणून बसतेय.” तिने पिशवी मशीनच्या पायाशी टाकली. “डाग कोपऱ्यांतच आहेत ना? मग मोठ्या पेट्यांना ते तुकडे जाणार नाहीत. कोपरे उडवून बासऱ्यांच्या पेट्यांना निघतात का ते बघू. चेलोला नवा तागा आणू. आणि लव मी बघीन.”

“तुला जमेल?” थोरलीच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

“मलाही गाल आहेत, ताई. इतकी वर्षं तुम्ही कापडाला लावू दिले नाहीत, एवढंच.” मग जरा थांबून, “औषध सोडू नका मात्र. आता तरी कळलं ना, जोरदार आहे म्हणून.”

कापायच्या खोलीचं दार त्या दुपारी उघडंच राहिलं. धाकटी टेबलाशी उभी राहून तुकड्याचे कोपरे गालावरून ओढत होती, डोळे मिटून, सावकाश, अगदी नव्याने शिकल्यासारखी. थोरली कापडापासून चार हात दूर, शिवणाऱ्यांच्या खोलीतल्या खिडकीशी, पेट्यांच्या कातडी पट्ट्यांना टाके घालत बसली. तिथून तिला काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. आतून कुणीतरी काहीतरी बोललं, आणि धाकटीसकट सगळे खदखदून हसले. ते आपल्यावरच हसताहेत याबद्दल थोरलीला तिळमात्र शंका नव्हती. तिने दोरा दाताने तोडला, सुईत नवा ओवला, आणि पुढच्या पट्टीला हात घातला.